टीएमएसच्या चाचणीत मेंदूची लवचिकता कमी दिसली, तर स्किझोफ्रेनिया असलेला माणूस शिकू शकत नाही असं समजायचं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला टीएमएसच्या, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदू तपासण्याच्या संशोधनात बोलावलंय, त्याने तो बरा होईल का? आणि ‘अशा रुग्णांच्या मेंदूची लवचिकता कमी असते’ असं वाचलंत, तर त्याला पुढे काही शिकवण्यात अर्थ आहे का? पहिल्याचं उत्तर लगेच देते: नाही, त्याने बरा होणार नाही. हे मोजमाप आहे, उपचार नव्हेत. दुसऱ्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण याच वाक्यापायी आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाचा टायपिंगचा क्लास बंद व्हायला आला होता.

त्याची तब्येत बरीच स्थिर झाल्यावर त्यालाही असंच बोलावलं होतं. रुग्णांची भावंडंही हवी होती, म्हणून मीही नाव दिलं. त्यामुळे खुर्चीत बसून काय होतं ते मला ठाऊक आहे. डोक्यावर, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर, कॉइल म्हणजे चुंबकाचा ठोका देणारं तारेचं वेटोळं धरतात. टक् असा आवाज येतो आणि अंगठा आपोआप उडतो. तो किती उडाला हे त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड मिलिव्होल्टमध्ये मोजतात. आधी साधारण एक मिलिव्होल्टचा प्रतिसाद येईल इतका जोर ठरवतात. मग मनगटाच्या नसेला विजेचा हलका झटका आणि त्यानंतर बरोबर 25 मिलिसेकंदांनी डोक्यावर चुंबकाचा ठोका, अशी जोडी पुन्हा पुन्हा देतात. मनगटाचा निरोप मेंदूत पोचायला सुमारे 20 मिलिसेकंद लागतात, म्हणून दोन्ही गोष्टी तिथे जवळजवळ एकाच वेळी येऊन भेटतात. अशा भेटी वारंवार झाल्या की चेतापेशींमधली जोडणी काही काळ बळकट होते आणि त्याच ठोक्याला अंगठा आधीपेक्षा जास्त उडतो. ही वाढ म्हणजेच त्यांची ‘लवचिकता’. हिला पेअर्ड असोसिएटिव्ह स्टिम्युलेशन म्हणतात. पद्धत 2000 साली प्रसिद्ध झाली. ठोके देणारं यंत्र त्याआधीचं, 1985 मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी दाखवलेलं.

स्किझोफ्रेनियात ही वाढ सरासरीने कमी दिसते, हे खरं आहे. टोरांटोच्या गटाने 2008 मध्ये ते दाखवलं, आणि हाताचं कौशल्य शिकण्यातल्या अडचणीशी त्याचा संबंधही जोडला. यामागे ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्या रसायनाला पकडणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचा बिघाड असावा हा विचार मला पटतो, कारण जोडणी बळकट व्हायला तेच रिसेप्टर लागतात. संशोधन चांगलंच आहे. माझं भांडण संशोधकांशी नाहीच.

भांडण झालं ते काकांशी. भावाने घरी येऊन मोकळेपणाने सांगितलं की आमच्यासारख्यांचा प्रतिसाद कमी वाढतो म्हणे. काका लगेच म्हणाले, ‘बघा, आता यंत्रानेच सांगितलं. फी कशाला भरताय?’ भाऊ शेजारीच बसला होता. त्याने त्या आठवड्यात क्लासला जाणं सोडलं.

मी तडक ज्याने आमची चाचणी घेतली होती त्या मुलाकडे गेले. पीएचडी करत होता. त्याला विचारलं, एका माणसाच्या आकड्यावरून तो शिकेल की नाही हे सांगता येतं का? तो म्हणाला, ‘अजिबात नाही.’ सरावासाठी तो स्वतः कितीदा तरी त्या खुर्चीत बसला होता आणि त्याचा प्रतिसाद बहुतेक वेळा वाढतच नसे. कधी तर कमी व्हायचा. त्याला कुठलाही आजार नव्हता, आणि एवढं किचकट यंत्र तो शिकून चालवत होता. पुढे मी वाचलं की हे काही त्याच्यापुरतं नाही. लंडनला 2013 मध्ये पन्नासहून जास्त निरोगी लोकांवर थीटा बर्स्ट नावाची दुसरी पद्धत वापरली, तर सगळ्यांचा मिळून परिणाम जवळपास शून्य आला. कुणाचा वर, कुणाचा खाली. झोप, लक्ष, निकोटीन, औषधं, सगळ्याचा त्यावर असर होतो. माझा भाऊ तर या आजारावरची अँटिसायकोटिक औषधं घेत होता. ती मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतात, आणि डोपामिन अडवणारी औषधं या लवचिकतेतच हात घालतात.

सरासरी गटाची असते. ती उचलून एका माणसाच्या माथी मारणं हा अन्याय आहे, आणि घरच्यांनी केला तर दुप्पट. काकांना हे सगळं सांगितलं, त्यांना आजही पटलेलं नाही. भाऊ मात्र पुन्हा क्लासला गेला. एकेक धडा त्याला इतरांपेक्षा जास्त वेळा गिरवावा लागायचा, आणि तो गिरवायचा. आता तो न बघता टाइप करतो. तेव्हा शिकवा हो! वेग कमी ठेवा, सराव वाढवा, आणि त्याच्यासमोर यंत्राचा दाखला कुणाला देऊ देऊ नका.

उपचाराचं राहिलं. आवाज ऐकू येण्यावर डोक्यावर डाव्या कानाच्या थोडं वर सेकंदाला एक ठोका देण्याचे प्रयोग झालेत. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, नंतरचे संमिश्र. मरगळ, अबोलपणा यांसारख्या लक्षणांवर 175 रुग्णांचा मोठा अभ्यास 2015 मध्ये आला. त्यात खऱ्या आणि खोट्या ठोक्यांत फरक दिसला नाही. कुणी यंत्राने खात्रीने बरं करतो म्हणालं तर उठून या.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल तर जाऊ देऊ नका. पेसमेकर असेल, कधी फिट आली असेल किंवा क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल, तर आधी सांगा. फिट येण्याचा धोका फार कमी आहे, पण क्लोझापिनने तो वाढतो. थोडं डोकं दुखू शकतं. चाचणीसाठी औषध स्वतःहून बंद करायचं नाही, तसं कुणी सुचवलं तर त्याच्या डॉक्टरांना फोन करा. संमतीपत्र त्याला स्वतःला वाचू द्या आणि मधूनच उठून यायचा त्याला हक्क आहे हे निघण्याआधी सांगा. परतल्यावर काय झालं ते तो कुणाला सांगेल, हेही त्यालाच ठरवू द्या. आमच्याकडे ते काकांच्या कानावर गेलं नसतं तर बरं झालं असतं.