गर्भाशयमुखावर वाढ दिसत असताना पहिली तपासणी कोणती?

प्रश्न : मी एमबीबीएसच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. ४८ वर्षांची रुग्णा, शरीरसंबंधानंतर रक्तस्राव, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे आणि गर्भाशयमुखावर हात लागताच रक्त येणारी वाढ, अशा प्रकरणात आधी पॅप स्मिअर लिहावा, कॉल्पोस्कोपी की थेट बायोप्सी? गर्भाशयमुखाचा कर्करोग ठरला, तर शस्त्रक्रिया रोगाच्या कोणत्या टप्प्यापर्यंत सांगावी?

उत्तर : थेट बायोप्सी, म्हणजे वाढीचा तुकडा काढून तपासणे. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशींची तपासणी, ही तक्रार नसलेल्या स्त्रियांमधून संशयित स्त्रिया वेगळ्या काढणारी चाळणी आहे. डोळ्यांना वाढ दिसत असताना तिच्यावर विसंबणे घातकच ठरू शकते, कारण अशा वाढीवर रक्त, पू आणि मृत पेशींचा थर असतो, स्मिअरमध्ये नेमका तोच येतो आणि अहवालात केवळ दाह असल्याचे लिहून येते. कॉल्पोस्कोपीची, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याची, खरी जागा स्मिअरमध्ये बिघडलेल्या पेशी आढळूनही गर्भाशयमुख वरकरणी नीट दिसते तेथे आहे. तुकडा कुजलेल्या मध्यभागातून न घेता वाढीच्या कडेवरून घ्यावा, हे अवश्य लिहा; परीक्षक या वाक्याची वाट पाहत असतात.

चाळणीचे मोल कमी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३०,००० स्त्रिया होत्या आणि एकदाच एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे आढळले.

निदान पक्के झाल्यावर सगळा भर टप्पा ठरवण्यावर येतो. येथे बहुतेक विद्यार्थी गुदमार्गे तपासणी विसरतात. गर्भाशयमुखाच्या बाजूची ऊती, म्हणजे पॅरामेट्रियम, कडक लागते का आणि तो कडकपणा ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचला आहे का, हे योनिमार्गापेक्षा गुदमार्गे अधिक नीट कळते. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणानुसार गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पॅरामेट्रियम मोकळे असेल, तर रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (गर्भाशय आजूबाजूच्या ऊतींसह काढणे) व ओटीपोटातील लसीकाग्रंथी काढणे हा पर्याय राहतो. पॅरामेट्रियम बाधित असेल, म्हणजे टप्पा दोन-बी किंवा त्यापुढचा, तर शस्त्रक्रिया लिहू नका. दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध, सोबत बाह्य किरणोपचार आणि ब्रेकीथेरपी (आतून दिलेले किरणोपचार) लिहा. मूत्रवाहिनी दाबली गेल्याने मूत्रपिंड सुजले असेल तर टप्पा किमान तीन-बी होतो, म्हणून सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) हवेच. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला बाधक असल्याने तर ते दुप्पट गरजेचे.

हीच रुग्णा रजोनिवृत्त असती आणि गर्भाशयमुख निर्दोष दिसले असते, तर संशय गर्भाशयाच्या अस्तरावर जातो. योनिमार्गे सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असल्यास अस्तराची बायोप्सी करावी. जाडी कमी असूनही रक्तस्राव पुन्हा होत राहिला, तरीही बायोप्सी टाळू नये.