लेबलवरचं नाव पुसू नका

मागच्या अंकात माझ्या सोल आणि रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, जुन्या रेकॉर्डबद्दल चार ओळी छापून आल्या, आणि संपादकांनी प्रश्नांचा गठ्ठाच माझ्याकडे पाठवला. जमतील तेवढी उत्तरं देते. मी व्यापारी नाही. मूळची सांगलीची. डेट्रॉइटजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये २७ वर्षं लोकांचं रक्त तपासलं आणि शनिवारी खोकी उपसली, एवढाच माझा अधिकार.

काकू, मुलाने अटलांटाहून ४५च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या) पंचवीसेक रेकॉर्ड पाठवल्या. निम्म्यांच्या लेबलवर पेनाने कुणाकुणाची नावं आहेत. ती कशी काढायची? – एक वाचक, नाशिक

काढूच नका. मी काढायला गेले होते, त्याची गोष्ट ऐका.

आमच्या हॉस्पिटलात एक ज्येष्ठ नर्स होत्या. निवृत्त होऊन त्या जॉर्जियाला लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा डब्यासारखी कडी असलेली एक छोटी पेटी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. आत चाळीस-एक रेकॉर्ड. प्रत्येकीच्या लेबलवर हिरव्या शाईत त्यांचं नाव, लग्नाआधीचं. मला तेव्हा संग्रहाचं नवं वेड लागलेलं. लेबलवर लिहिलेलं असलं की किंमत पडते, हे कुठेतरी वाचलं होतं. घेतला नेलपॉलिश काढायचा बोळा आणि लागले घासायला. रेकॉर्ड होती शिकागोच्या मेजर लान्सची, ओके लेबलची, म्हणजे त्या नावाच्या छापाची, १९६३ची. गाणं कर्टिस मेफिल्डने लिहिलेलं. नाव फिकट झालं खरं, पण एक ओघळ लेबलाबाहेर गेला आणि तिथल्या रेघा माझ्या डोळ्यांदेखत मऊ झाल्या. ती रेकॉर्ड व्हिनाइलची नव्हतीच, स्टायरीन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची होती. नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं अ‍ॅसिटोन, आणि स्टायरीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. रोज रसायनं हाताळणारी बाई मी! अजूनही शेवटचं कडवं लागलं की सुई तिथे गचके खाते.

पुढे त्यांना फोनवर भीत भीत सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, पार्टीला जो तो आपापल्या रेकॉर्ड घेऊन जायचा. नाव नसेल तर रात्री घरी कुणाची कुठली जायची ते कळायचं नाही. आपण लग्नकार्याला दिलेल्या पातेल्यांवर नावं घालतो, तसंच की हे. पेटीतली त्यांची सगळ्यात लाडकी होती मार्व्हेलेट्स या मुलींच्या गायकगटाची ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’. १९६१ची, टॅमला लेबलची. टॅमला हा डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचाच छाप. मोटाउनचं पॉपच्या यादीत पहिल्या नंबरवर पोचलेलं पहिलं गाणं. त्या मुली डेट्रॉइटजवळच्या इंकस्टरच्या शाळेतल्या, आमच्या नर्सबाईही त्याच गावच्या. रेकॉर्ड इतकी वाजवलेली की काळ्याची राखाडी झालीय.

आणखी एक. मोटाउनच्या त्या काळातल्या लेबलवर गायकाचं नाव असतं, गीतकाराचं असतं, वाजवणाऱ्यांचं नसतं. जेम्स जेमर्सनचं बास गिटार, बेनी बेंजामिनचे ड्रम्स अर्ध्या जगाने ऐकले, पण नावं ठाऊक होती ती स्टुडिओतल्या लोकांना. अशा लेबलवर ऐकणारीचं नाव तरी राहू द्या. बाजारात दोन पैसे कमी येतील, येऊ द्यात.

आजोबांच्या जुन्या ७८च्या रेकॉर्डमध्ये काही अमेरिकन ब्लूजच्या निघाल्या. बुरशी आहे. स्पिरिटने पुसू का? – एक वाचक, मिरज

नको, नको, नको! सुताराला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करताना पाहिलंय ना? ७८ची तबकडी त्याच लाखेने बांधलेली असते. थंड पाण्यात अगदी किंचित साबण, मऊ कापड, कागदी लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं.

जाता जाता सांगते. लाख मुख्यतः आपल्याकडूनच जायची. युद्धात जहाजं अडली, आणि १९४२मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठी वापरायची लाख एकदम तीस टक्क्यांवर आणली. मोठ्या कंपन्यांनी मग काटकसर कुठे केली? कृष्णवर्णीयांच्या संगीतावर. ती जागा पुढे लहान लहान कंपन्यांनी भरली: सिनसिनाटीत किंग, न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक, शिकागोत चेस. तोवर या संगीताला धंद्यात ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. १९४९च्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत-धंद्याच्या मासिकवजा साप्ताहिकाने खपाच्या यादीचं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. नाव सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा तिथे नोकरीला होता, नंतर अटलांटिकमध्ये गेला.

अस्सल आणि नक्कल कशी ओळखायची? ऑनलाइन एक ‘दुर्मीळ’ रेकॉर्ड चाळीस डॉलरला मिळतेय. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

लेबल बघू नका, लेबल कुणीही छापतं. शेवटची रेघ आणि लेबल यांच्या मधली गुळगुळीत पट्टी बघा. रेकॉर्ड खिडकीशी तिरकी धरली की तिथे कोरलेले आकडे आणि खुणा दिसतात. साठच्या दशकातल्या मोटाउनच्या पुष्कळ रेकॉर्डवर ए, आर, पी ही अक्षरं गुंफलेला छोटा ठसा असतो. म्हणजे ती मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या कारखान्यात दाबली गेली. आमच्या घरापासून गाडीने दीड तास. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या रेकॉर्डवर त्रिकोण आणि पुढे आकडा असतो. एकच गाणं तीन-चार कारखान्यांत निघायचं, त्यामुळे ठसा नाही म्हणून लगेच खोटी ठरवू नका. पण जिथे यंत्राचा ठसा हवा तिथे हाताने खरवडलेला आकडा दिसला, तर सावध व्हा.

नकला मुळात का झाल्या? याला कारण इंग्लंड. उत्तरेकडच्या गिरण्या-कारखान्यांच्या गावांतली गोरी पोरं सत्तरच्या दशकात रात्र रात्र डेट्रॉइट-शिकागोच्या गाण्यांवर नाचायची, आणि त्यांना गाणी हवी असायची ती न चाललेली, पडलेली. विगन कॅसिनो हा त्यांचा अड्डा, १९७३ ते १९८१. आपल्या हातातली रेकॉर्ड दुसऱ्याला कळू नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवून गायकाचं खोटं नाव सांगायचे. आमच्याकडे गवई चीज चोरीला जाईल म्हणून शब्द खाऊन गायचे म्हणतात, त्यातलाच प्रकार. मागणी एवढी आणि माल तेवढाच, मग नकला निघणारच.

या वेडाचं टोक म्हणजे फ्रँक विल्सनची ‘डू आय लव्ह यू’. १९६५ची, मोटाउनच्याच ‘सोल’ नावाच्या लेबलची. विल्सनने गाण्यापेक्षा निर्मितीत राहणं पसंत केलं, रेकॉर्ड बाजारात आलीच नाही, प्रती नष्ट केल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. त्यांतली एक २००९मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. तेव्हा तुमची चाळीस डॉलरची ‘दुर्मीळ’ याच गाण्याची असेल, तर ती काय आहे ते तुम्हीच ओळखा. पण गाणं आवडत असेल तर खुशाल घ्या, अधिकृत पुनर्मुद्रण असेल तर आणखी छान. ऐकायला तेवढंच गोड लागतं.

विक्रेत्याने ‘व्हीजी’, म्हणजे ‘व्हेरी गुड’ लिहिलं होतं. घरी आणल्यावर भजी तळल्यासारखा आवाज! फसवणूकच ना? – एक वाचक, पुणे

नाही हो. या धंद्यात ‘व्हेरी गुड’ म्हणजे ‘चालेल’. त्याच्यावर ‘व्हीजी प्लस’, त्याच्यावर ‘निअर मिंट’. आणि नुसतं ‘गुड’ लिहिलेलं असलं, तर तो पैसे देत असला तरी घेऊ नका. (घेतलेल्या आहेत. सहा.) व्हीजी प्लसच्या खाली उतरायचं ते गाण्यासाठी जीव तुटत असेल तरच.

हीच सगळी गाणी फोनवर फुकट मिळतात. मग हा खटाटोप कशाला, मावशी? – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

अगदी हीच नाही मिळत गं. ४५च्या रेकॉर्डचं मिश्रण वेगळं केलेलं असायचं, एकाच स्पीकरसाठी, मोनो. मोटाउनमध्ये गाणं पक्कं करण्याआधी गाडीच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघत, कारण गिऱ्हाईक ते तिथेच ऐकणार होतं. गाव मोटारींचं ना! शुक्रवारच्या बैठकीत कंपनीचे मालक बेरी गॉर्डी विचारत म्हणे, की खिशात शेवटचा डॉलर असेल तर रेकॉर्ड घ्याल की सँडविच? फोनवर बऱ्याचदा नंतरचं स्टिरिओ रूप असतं. त्यात ड्रम्स एका कानात, गायिका दुसऱ्यात. मोनोत सगळे एकदम दारातून आत घुसतात. कधी डेट्रॉइटला आलीस तर घरी ये. दोन्ही लावून दाखवते, मग तूच ठरव.

माझ्या प्लेअरवर ४५ची रेकॉर्ड बसत नाही, मधलं भोक केवढं तरी मोठं आहे. – एक वाचक, दादर

रेकॉर्ड बरोबर आहे. आरसीएने १९४९मध्ये ४५ काढली तीच दीड इंच भोकाची, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या यंत्राच्या जाड दांड्यावर पटकन सरकावी म्हणून. मध्ये बसवायची प्लास्टिकची चकती मिळते, बहुतेकदा पिवळी. एकदम पाच-सहा घ्या आणि बटणांच्या डब्यात टाका. माझ्या सगळ्या शेवटी तिथेच सापडतात.