मनीच्या किडनीसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मी शिक्षिका आहे, गिरगावात आईसोबत राहते. हातात पगार ६२,००० रुपये. आमची मांजर मनी १३ वर्षांची आहे. तिला किडनीचा तिसऱ्या टप्प्यातला आजार निघालाय, बीपीही वाढलंय. औषधपाण्यावर महिन्याला १४,२०० जातायत, आणि मनीचा खर्च सोडून माझ्याकडे जेमतेम ५,००० उरतात. १०,००० ची एसआयपी बंद करू, की ३ लाखांची एफडी मोडू? एक ऑनलाइन दुकान सप्लिमेंटचं वर्षभराचं पॅक २८,००० ला देतंय, सुटं घेतलं तर ३४,८०० होतात. ते घेऊन टाकू का? आणि विमा?

नमस्कार ताई,

बिलांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. तुम्ही ‘औषधपाणी’ म्हणता, पण बिलं मांडली तर त्यात औषध कुठे आहे ते शोधावं लागतं. क्लिनिकमध्ये जाऊन आठवड्यातून दोनदा सलाईन : ६,०००, त्यातले १,२०० टॅक्सीचेच. किडनीचं खास खाणं ४,५००. चार सप्लिमेंट २,९००. तपासण्यांचे महिन्याला सरासरी ५००. आणि खरी औषधं? ३०० रुपये.

मनीची बीपीची गोळी म्हणजे अ‍ॅम्लोडिपीन २.५ मिलिग्रॅम. माझे वडीलही हीच घेतात. मनीला रोज पाव तुकडा, म्हणजे एक गोळी चार दिवस आणि दहा गोळ्यांची स्ट्रिप चाळीस दिवस पुरते. गोळी कापायचं छोटं कटर मात्र घ्या, सुरीने चुरा होतो. माणसांचं औषध स्वस्तात मिळतं म्हणून स्वतःच्या डोक्याने दुसरं काही देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं.

तेव्हा कात्री सलाईनच्या ओळीला लावायची. कातडीखाली सलाईन घरी देता येतं आणि कितीतरी लोक देतात. ५०० मिलीच्या बाटलीत १०० मिलीचे पाच डोस होतात. तुमच्या मनीला महिन्याला आठ लागतात, म्हणजे दोन बाटल्या. शिवाय नळी आणि दर वेळी नवी सुई. सगळं धरून ६०० च्या वर जाऊ नये. मानेमागची कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या पोकळीत घालायची. पहिल्यांदा तुमचाच हात थरथरेल, मनीचं फारसं काही बिघडत नाही. किती द्यायचं आणि कधी थांबायचं हे डॉक्टरच ठरवतील, कारण हृदयाचा त्रास असेल तर जास्तीचं पाणी महागात पडतं.

सप्लिमेंटबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा : यातलं कुठलं बंद केलं तर मनीच्या रिपोर्टमध्ये फरक पडेल? फॉस्फरस बांधणारी पावडर खाण्यासोबतच काम करते, आणि किडनीच्या खाण्यावरच फॉस्फरस आटोक्यात असेल तर ती कदाचित लागणारही नाही. बी-१२ कमी असेल तर जरूर द्या. ‘किडनी प्रोबायोटिक’ नावाच्या कॅप्सूलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, कारण पुरावा तोकडा आहे. दोन बंद झाली तरी १,५०० वाचतील.

वर्षाचं पॅक अजिबात नको. ६,८०० ची सूट दिसते खरी, पण हा आजार बदलत जातो. रिपोर्ट बदलला की डोस बदलतो. शिवाय मांजर ते मांजर, आज चाटून पुसून खाल्लेली पावडर उद्या वास घेऊन सोडून देईल. उरलेले दहा महिने कपाटात राहतील. खाण्याच्या मोठ्या पोत्यालाही हेच लागू. त्यावर जीएसटी भरून ते फेकायचं कशाला?

आता हिशेब. सलाईनचे ५,४०० आणि सप्लिमेंटचे १,५०० वाचले की १४,२०० चे ७,३०० होतात. तुमच्याकडे ५,००० आहेत, तूट २,३०० ची. एसआयपी बंद करू नका, ७,५०० वर आणा. चाळिशीतल्या माणसाने एसआयपी एकदा थांबवली की ती परत सुरू होताना मी फारशी पाहिलेली नाही.

एफडीला आज हात लावू नका. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापते, पण त्याहून मोठं कारण म्हणजे आईंचं वय. ती तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे. त्यातले ४०,००० मनीच्या नावाने मनात बाजूला काढा : अचानक खाणं सोडलं, दोन-तीन दिवस ॲडमिट करावं लागलं तर. हा आकडा आजच ठरवा. क्लिनिकच्या बाकावर बसून रात्री अकराला ठरवायला गेलात तर तो वाढतच जाईल. गरज पडलीच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून उचल; मोडू नका.

विम्याचा विचार सोडा. आधीपासूनचा आजार पॉलिसीत बसत नाही, आणि तेराव्या वर्षी नवी पॉलिसी मिळणंही कठीण. आरोग्य विम्यावरच्या आयकर सवलतीतही मनी बसत नाही, विचाराल म्हणून सांगून ठेवतो.

तपासण्यांचे दर परळच्या बैलघोड्यात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या हॉस्पिटलातही विचारून बघा. गिरगावातून लांब नाही, आणि संस्था धर्मादाय आहे. मात्र डॉक्टर मध्येच बदलू नका, फक्त रिपोर्ट तिथून आणता येतील का एवढं पाहा.

सलाईन शिकायला जाल तेव्हा आईंना सोबत न्या. एकाने धरायला लागतं.