गिटार शिकताना बोटांची टोकं फार दुखतात, काय करावं?

दुखणारच. तारा स्टीलच्या आणि कातडी अजून कोवळी. रोज थोडं वाजवलंत तर साधारण तीन-चार आठवड्यांत टोकांना घट्टे पडतात, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढणाऱ्यांच्या तळव्यांना पडतात तसे. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. फोड आलाच तर फोडू नका, सुकेपर्यंत थांबा.

पण खरं सांगायचं तर आधी गिटार तपासा. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारीच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) तारा तीन मिलिमीटरहून जास्त उंच असतील तर दुकानात नेऊन खाली करून घ्या. स्वस्त गिटारींत हा त्रास हमखास. पहिली, म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असेल तर ०.०१० चा सेट लावा. आणि बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, खुंट्यांच्या बाजूला ठेवा. बराच कमी जोर लागतो.

आपल्या रत्नागिरी-मालवणकडे आणखी एक भानगड: खाऱ्या, दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि खरखरीत तार बोट सोलते. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. समुद्रात डुंबून आल्या-आल्या मात्र गिटार घेऊ नका, कातडी मऊ पडलेली असते. मनगट दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, तो प्रकार वेगळा.