फाइलमध्ये कुठे आहे?

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. खात्याने पहिलंवहिलं रेग्युलेशन पॅकेज, म्हणजे नव्या नियमाचा मसुदा आणि त्याच्या कागदपत्रांची फाइल, तुझ्या हाती सोपवलंय हे वाचून बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस, "नियम इतका गरजेचा आहे की ओएएलवाल्यांना तो पटेलच." तिथे मी थबकले. मीही एकेकाळी हेच धरून चालले होते, आणि माझी पहिली फाइल मला परत मागून घ्यावी लागली होती.

ओएएल म्हणजे ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ, खात्यांचे नियम तपासणारं राज्याचं कार्यालय. त्याला तुझा नियम पटण्या-न पटण्याचा प्रश्नच येत नाही. नियमाच्या आशयाबद्दल खात्याच्या निर्णयाच्या जागी ओएएलने स्वतःचा निर्णय ठेवू नये, हे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायद्यातच लिहून ठेवलंय. नियम शहाणपणाचा आहे की खुळचट, हे तुझ्या संचालकांनी बघायचं. ओएएलचा वकील बघतो ते वेगळंच. कायद्यातल्या सहा कसोट्यांवर ही फाइल उभी राहते का, आणि लोकांना विचारायची रीत पाळली का, एवढंच. तेही फाइलवरून. तुमच्या बैठकांना तो नव्हता, तुमच्या खात्यात कोणाला किती वर्षांचा अनुभव आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असून उपयोगही नाही.

इतर राज्यांतही असं राखणदार मंडळ असतं, पण त्यांची जात निराळी. इलिनॉयमध्ये दोन्ही सभागृहांतल्या १२ आमदारांची संयुक्त समिती बसते. पेनसिल्व्हेनियात पाच सदस्यांचा स्वतंत्र आयोग आहे आणि तो नियम लोकहिताचा आहे का हेसुद्धा विचारतो. तिथे तुझं "गरजेचा आहे" थोडंफार चाललं असतं. आपल्याकडे गाठ वकिलांशी आहे.

हे कार्यालय आलं कुठून तेही समजून घे, म्हणजे त्यांचा राग येणार नाही. १९७९ साली विधिमंडळाने कायदा केला आणि १ जुलै १९८० पासून ओएएलचं काम सुरू झालं. खात्यांच्या नियमांची संख्या अभूतपूर्व वाढली आहे, आणि विषय किचकट आहे हे धरूनही त्यांची भाषा विनाकारण दुर्बोध आहे, असं निदान त्याच कायद्यात केलेलं आहे. निवडून आलेल्या लोकांनी केलेला कायदा चार ओळींचा, आणि त्याखाली न निवडलेल्या आपल्यासारख्यांनी लिहिलेले नियम चाळीस पानांचे. त्या चाळीस पानांना कायद्याचंच बळ असतं. मग कोणीतरी त्रयस्थाने ती वाचायला नकोत का?

आता माझ्या फाइलची गोष्ट. खातं कोणतं ते विचारू नकोस. परवानाधारकांना २४ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं करणारा नियम होता. त्या २४ आकड्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या होत्या. कोणी १६ म्हणत होतं, कोणी ४०. शेवटी क्षेत्रावर काम करणाऱ्या दोघा तपासनिसांनी कोणत्या विषयाला किती वेळ लागतो ते फळ्यावर मांडून दाखवलं आणि सगळ्यांचं एकमत झालं. उत्तम काम झालं होतं. आणि नियमाबरोबर द्यायच्या कारणांच्या निवेदनात मी काय लिहिलं? "परवानाधारक पुरेसे प्रशिक्षित असावेत म्हणून हे कलम आवश्यक आहे."

ओएएलच्या वकीलबाईंचा फोन आला. "२४ कुठून आले?" मी उत्साहाने सगळं सांगायला लागले, फळ्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे फाइलमध्ये कुठे आहे?"

फाइलमध्ये कुठेच नव्हतं. फळा तर केव्हाच पुसला गेला होता.

आम्ही फाइल मागे घेतली. तपासनिसांकडून तो हिशेब लेखी घेतला, आणि नवा दस्तऐवज फाइलमध्ये घालायचा तर तो लोकांना १५ दिवस बघायला द्यावा लागतो, तसा दिला. त्यावर आलेल्या चार सूचनांना उत्तरं लिहिली. पहिली नोटीस छापल्यापासून एका वर्षाच्या आत पूर्ण पॅकेज ओएएलकडे जावं लागतं, नाहीतर नव्या नोटिशीपासून श्रीगणेशा. आमच्या वर्षातले पाच आठवडे उरले होते. त्या पाच आठवड्यांत मी जेवढी म्हातारी झाले तेवढी पुढच्या पाच वर्षांत झाले नाही.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की कारणांचं निवेदन, ज्याला तुझ्या खात्यात सगळे 'आयसॉर' (इनिशियल स्टेटमेंट ऑफ रीझन्स) म्हणतात, ते नियमाच्या मसुद्याबरोबरच लिहायला घे, शेवटी नको. बैठकीत आकडा ठरला की त्याच संध्याकाळी लिहून टाक: हाच का, दुसरा का नाही, आधार कशाचा. आवश्यकतेची कसोटी प्रत्येक तरतुदीला लागते. अख्खा नियम गरजेचा आहे हे सिद्ध करून भागत नाही. दहा दिवसांची मुदत, दोन प्रती, सही निळ्या शाईत, जे जे तू मागतेस त्याचं कारण हवं. आणि निळ्या शाईचं कारण सापडेना, तर ती अट काढून टाक. खरं सांगते, निम्म्या वाईट अटी कारण लिहायला बसलं की आपोआप गळतात.

दुसरी कसोटी जिच्यावर फाइली अडकतात ती स्पष्टतेची. ज्यांना नियम थेट लागू होतो त्यांना तो सहज कळला पाहिजे, ही तिची व्याख्या. तुझ्या वकिलांना कळला, याला किंमत नाही. तुझ्या मसुद्यात "अर्जदाराने ३० दिवसांत कागदपत्रे सादर करावीत" असं वाक्य असणार, पैज लावते. ३० दिवस कॅलेंडरचे की कामकाजाचे? कधीपासून मोजायचे, पत्र टाकल्यापासून की हातात पडल्यापासून? "सादर" म्हणजे टपालात टाकली तेव्हा की तुम्हाला पोचली तेव्हा? तुझ्या खात्यात याची उत्तरं सगळ्यांना पाठ असतील, आणि नेमकं तेच धोक्याचं. एकाच वाक्याचे तर्काला धरून दोन अर्थ निघत असतील तर ते अस्पष्ट, असं ओएएलच्या स्वतःच्या नियमांत आहे. "योग्य", "पुरेसं", "खात्याला समाधानकारक वाटेल असं" हे शब्द दिसले की लाल पेन उचल. मसुदा खात्याबाहेरच्या कोणाला तरी वाचायला दे आणि तो कुठे अडखळतो ते बघ. तो अडखळला की समजावून सांगू नकोस. वाक्य बदल.

बाकीच्या चार कसोट्या कारकुनी शिस्तीच्या आहेत. प्रत्येक कलमाखाली एक टीप असते. तिच्यात 'अधिकार' म्हणून नियम करायची मुभा देणारं कायद्याचं कलम येतं आणि 'संदर्भ' म्हणून ज्या कलमाची तू अंमलबजावणी करतेस ते. नवी माणसं या दोहोंची गल्लत करतात. सुसंगती म्हणजे दुसऱ्या कायद्याशी, कोर्टाच्या निकालाशी भांडण नको. आणि सहावी, कायद्यात आधीच असलेलं पुन्हा नियमात उतरवू नये. उतरवायचंच असेल तर का, ते लिही.

लोकांच्या हरकतींबद्दल मात्र थोडं थांबते, कारण तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख "एक औपचारिकता" असा आलाय. नोटीस दर शुक्रवारी निघणाऱ्या रेग्युलेटरी नोटीस रजिस्टरमध्ये छापली की लोकांना किमान ४५ दिवस मिळतात. तू सुनावणी ठेवली नसलीस तरी मुदत संपायच्या १५ दिवस आधीपर्यंत कोणीही लेखी मागितली तर ती घ्यावी लागते. तुझ्या प्रस्तावाला धरून आलेल्या प्रत्येक हरकतीचा आणि सूचनेचा सारांश आणि त्यावर उत्तर कारणांच्या अंतिम निवेदनात द्यावं लागतं. एकसारख्या शंभर पत्रांना एकत्र एक उत्तर चालतं. पण "नोंद घेतली" हे उत्तर नाही. सूचना मान्य असेल तर काय बदललं ते सांग, नसेल तर का नाही ते. चिडलेल्या पत्रांत कधी कधी एकच ओळ कामाची असते आणि ती नेमकी तिसऱ्या पानावर असते. तिला उत्तर राहिलं, तर ओएएलच्या वकिलाला ती सापडते. कशी सापडते देव जाणे, पण सापडते.

सूचनेमुळे मजकूर बदलला तर बदल केवढा ते बघ. निव्वळ व्याकरणाचा असेल तर काही करायला नको. मूळ नोटिशीवरून लोकांना अंदाज येण्याजोगा असेल तर बदललेला मजकूर पुन्हा १५ दिवस खुला. त्याहून मोठा असेल तर नवी ४५ दिवसांची नोटीस. मधल्या पायरीला भिऊ नकोस. खाती १५ दिवस वाचवायला चांगली सूचना नाकारतात आणि मग नाकारण्याचं लंगडं कारण लिहीत बसतात. एक बारीक गोष्ट: मूळ मजकूर आत्ता अमलात असलेल्या कोडमधूनच, म्हणजे राज्याच्या नियमसंग्रहातूनच, उचल. खात्याच्या सर्व्हरवरच्या जुन्या वर्ड फाइलमधून घेतलास, तर नवं म्हणून अधोरेखित काय आणि जुनं म्हणून खोडलेलं काय याचा ताळमेळ कधीच बसणार नाही.

तुझे उपसंचालक म्हणाले ना, "एवढा वेळ नाही, इमर्जन्सी करून टाकू"? हे प्रत्येक खात्यात कोणीतरी म्हणतंच. इमर्जन्सीत ओएएल १० कॅलेंडर दिवसांत निकाल देतं हे खरं. पण आणीबाणी म्हणजे लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला, हिताला गंभीर इजा टाळण्यासाठी ताबडतोब पाऊल उचलावं लागेल अशी परिस्थिती, आणि तिची ठोस तथ्यं दाखवावी लागतात. घाई ही आणीबाणी नव्हे. परिस्थिती आधीच माहीत होती तर वेळेत नेहमीची प्रक्रिया का केली नाही, हेही सांगावं लागतं. शिवाय तो नियम १८० दिवसांचा पाहुणा. मुदतवाढ मागता येते, पण सगळी ४५ दिवसांची वाट शेवटी चालावीच लागते.

त्यांचा दुसरा उपाय, "नियम नको, परिपत्रकच काढू", तो तर त्याहून वाईट. सगळ्यांना लागू होणारं, कायद्याचा अर्थ लावणारं धोरण प्रक्रियेशिवाय वापरलं तर त्याला 'अंडरग्राउंड रेग्युलेशन' म्हणतात. १९९६ च्या टाइडवॉटर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगार खात्याच्या अंमलबजावणी पुस्तिकेतलं ओव्हरटाइमचं धोरण याच कारणाने रद्दबातल ठरवलं. अशा कागदाविरुद्ध कोणीही नागरिक ओएएलकडे अर्ज करू शकतो. टाइडवॉटरचा तो निकाल छापून उपसंचालकांच्या टेबलावर ठेव. बोलू नकोस काही, नुसता ठेव.

फाइल गेली की ओएएलकडे ३० कामकाजाचे दिवस असतात. त्या काळात सुट्टी घेऊ नकोस. वकिलाचा फोन येईल, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्यांनी विचारलेली प्रत्येक गोष्ट कोणत्या पानावर आहे ते सांगता आलं पाहिजे, म्हणून अनुक्रमणिका स्वतः बनव. फाइल पूर्ण असल्याचं प्रतिज्ञापत्र शपथेवर द्यायचं असतं, तेव्हा ती दुसऱ्याने लावलेली नकोच. दोष मोठा असेल तर ते बहुधा आधी सुचवतात, आणि फाइल मागे घ्यायची वाट असते. नामंजूर झालीच तर सात दिवसांत लेखी कारणं मिळतात आणि दुरुस्त करून पुन्हा द्यायला १२० दिवस. गव्हर्नरकडे दाद मागता येते, पण त्या वाटेचा विचार तू सध्या करूच नकोस.

मंजूर झालेला नियम राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल होतो आणि एरवी तिमाहीच्या पहिल्या तारखेला लागू होतो. ३१ ऑगस्टपर्यंत दाखल झाला तर १ ऑक्टोबरला, १ सप्टेंबरला झाला तर थेट १ जानेवारीला. एका दिवसाने तीन महिने जातात. तुझ्या वेळापत्रकात नोटिशीची तारीख आधी नको, ही तारीख आधी लिही आणि तिथून मागे मोजत ये.

नोटीस छापून आली की आयसॉर सगळ्यांसाठी खुलं होतं. त्याची प्रत मला पाठव. तोवर एक काम कर: मसुद्यातल्या प्रत्येक आकड्यावर गोल काढ, आणि समोर आयसॉरचा पान क्रमांक लिही. जिथे क्रमांक लिहिता येणार नाही ते गोल किती, तेवढं कळव.

तुझी,
मावशी