बिडाचा पाइप, पीव्हीसीचा तुकडा आणि तिसरा हप्ता

प्रश्न : दादरच्या 1968 मधील इमारतीत आमच्या शौचालयामागचा बिडाचा पाइप गळतो. प्लंबर 9,000 रुपयांत खराब भाग कापून पीव्हीसीचा तुकडा बसवून देतो. सोसायटी अख्खी उभी लाइन बदलू म्हणते, माझा वाटा 70,000. वय 56, निवृत्ती 58 व्या वर्षी, मासिक खर्च 45,000. दीड लाखाची ठेव आहे, ती न मोडता 14 टक्क्यांचे कर्ज घ्यावे काय? डिसेंबरमध्ये बँकेतल्या ‘वर्षाला लाखाच्या एफडी’चा तिसरा हप्ताही आहे, दहा हप्त्यांनंतर पंधराव्या वर्षी 17 लाख मिळतील.

उत्तर : पीव्हीसी चिकटवण्याचे सोल्युशन बिडाला (ओतीव लोखंडाला) धरत नाही आणि दोन्ही पाइपांचा बाहेरचा व्यासही सहसा जुळत नाही, म्हणून मधे रबरी कपलिंग घालून ते स्टीलच्या पट्ट्यांनी आवळावे लागते, शिवाय कापण्यापूर्वी वरच्या बिडाचे वजन भिंतीत क्लॅम्प मारून पेलावे लागते. सिमेंटने बुजवलेला जोड पीव्हीसीच्या आकुंचन-प्रसरणाने सुटतो, आणि हे सगळे नीट केले तरी वरचे-खालचे बीड 1968 चेच राहते. तेव्हा पूर्ण लाइनच बदलावी. ती सामाईक असल्याने आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांसाठीची नमुना नियमावली) खर्च संस्थेचा आहे. बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी गोळा व्हायला हवा होता, त्याचे काय झाले हे सभेत विचारून मगच 70,000 मान्य करावेत. कर्ज मात्र नको : दोन वर्षांत व्याजाचे दहा-अकरा हजार जातील, तर ठेव मोडण्याचा तोटा फार तर हजार-दीड हजारांचा.

आता आपण न विचारलेले. ज्या ठेवीत दहा वर्षे हप्ते भरावे लागतात ती ठेव नसते. आपल्याला विमा पॉलिसी विकली गेली आहे. दहा लाखांचे सतरा लाख ऐकायला गोड वाटतात, पण हा परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के आहे. तेच हप्ते 7.1 टक्क्यांनी पीपीएफमध्ये गेले असते तर 21 लाखांच्या आसपास झाले असते. त्याहून गंभीर म्हणजे उरलेल्या आठ हप्त्यांपैकी सहा आपण निवृत्तीनंतर भरणार आहात, आणि ते कोणत्या उत्पन्नातून, हे पत्रात कुठेच नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे विकणाऱ्याने त्याचे वय विचारले होते की केवळ अर्जावर लिहून घेतले, असा प्रश्न पडतो.

पाइपाचे पैसे दिल्यावर हाती 80,000 उरतील, म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही. अशा वेळी तिसरा हप्ता भरू नये. कंपनीकडून सरेंडर मूल्य (पॉलिसी आताच बंद केल्यास परत मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी चालू ठेवल्यास मुदतीअखेर मिळणारी कमी रक्कम) हे दोन्ही आकडे लेखी मागवावेत. समजा, दोन लाखांपैकी 70,000 परत आले. ते आणि वाचलेले आठ हप्ते 7 टक्क्यांनी गुंतवले तर पंधराव्या वर्षी रक्कम पुन्हा 17 लाखांच्या घरातच जाते. म्हणजे बुडालेले एक लाख तीस हजार धरूनही बाहेर पडणे महाग नाही, आणि मधल्या काळात हप्त्याची सक्ती राहत नाही. सरेंडरपोटी फारच कमी मिळत असेल तर पॉलिसी पेड-अप करून ठेवावी. डिसेंबरचा लाख मात्र साध्या मुदत ठेवीत, पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार पावत्या करून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी एकच मोडावी लागेल.