सोलरच्या स्टार्टअपमध्ये १० लाख टाकू का?

नमस्कार ताई, तुमचं सगळं वाचलं. सोलापूरच्या पूर्व भागातला कारखाना बंद करून लूम विकले, त्याचे २२ लाख एफडीत आहेत, दोन वर्षांनी मुलीचं लग्न आहे, आणि भाच्याचा मित्र सोलरवर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत १० लाखाला १ टक्का शेअर देतोय, वर "वर्षाला १८ टक्के फिक्स" पण म्हणतोय.

तो फिक्सच मला खटकला बघा. शेअर घेतला की तुम्ही मालकीत वाटेकरी, नफा झाला तर मिळणार नाहीतर नाही, आणि फिक्स व्याज ठरवलं की ती ठेव झाली, जी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला अशी बाहेरच्या माणसाकडून घेताच येत नाही. मग हे नक्की काय आहे ते त्याच्याकडून लेखी घ्या.

आणि १ टक्का १० लाखाला म्हणजे पूर्ण कंपनी १० कोटीची धरली की त्याने! कंपनीची विक्री तुम्हीच लिहिलीय, ३५ लाख. पोरगं हुशार असेल, सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना कोल्ड स्टोरेज लागतं हेही खरं, पण हा भाव जास्तच आहे. शिवाय लग्नाच्या वेळी हे शेअर विकायचे कुणाला, ते बाजारात लिस्टेडच नाहीत. लिस्टेडचंही काय सांगावं, पवनचक्क्या बनवणारी पुण्याची सुझलॉन २०१२ ला परदेशी बॉण्डचे पैसे वेळेवर देऊ शकली नव्हती, आणि २०२५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने, सोलरमधल्याच जेनसोल कंपनीच्या प्रमोटरांवर इलेक्ट्रिक गाड्यांसाठी घेतलेलं कर्ज भलतीकडे वळवल्याचा ठपका ठेवला. क्षेत्र चांगलं आहे म्हणून प्रत्येक कंपनी चांगली निघत नाही.

भाच्याचं मन मोडवत नसेल तर १ लाख, त्यावर एक रुपया नाही. तेही तुमच्या नावाचं पीएएस-४ ऑफर लेटर (कंपनी ठरावीक लोकांना शेअर देताना काढते ते पत्र) हातात आल्यावर, बँकेतूनच, कॅश अजिबात नको. पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर नावावर झाले पाहिजेत.

सोलरचीच हौस असेल तर आधी स्वतःच्या गच्चीवर बसवा ना, सोलापूरचं ऊन काय कमी आहे का! पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, महिन्याला साधारण ३०० च्या वर युनिट निघतात. बिल तेवढं येत असेल तरच हं.

एफडी बँकेत आहे की पतसंस्थेत ते लिहिलं नाही तुम्ही. बँकेत एका माणसाला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेत तोही नसतो, तेवढं कळवा.